एक नग, चालू स्थितीत

रायवाडीचं वीजकेंद्र निवृत्त करायचं ठरलं तेव्हा कंपनीने त्याच्यासाठी शाल मागवली. धुराड्याभोवती गुंडाळता येईल एवढी शाल कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून शेवटी मांडववाल्याकडून जरीकाठाचं कापड आणून ते खालच्या दहा फुटांना बांधायचं ठरलं. नारळ मात्र खरा होता. निमंत्रणपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत 'सेवापूर्ती सोहळा' आणि त्याखाली 'एकतीस वर्षांच्या अखंड सेवेबद्दल कृतज्ञता' असं छापलं होतं. चाकणच्या पलीकडच्या या गावात एकतीस वर्षं वाळत घातलेलं धोतर पांढरं निघालं नव्हतं, एसटीचे कंडक्टर गावाला राखवाडी म्हणत, पण पत्रिकेत तेवढं लिहायला जागा नसावी.

ही पत्रिका रोहिदास येळवंडेने दोनदा वाचली. तोही त्याच दिवशी, तीस जूनला, निवृत्त होणार होता. निदान गावाला तसं वाटत होतं, कारण रोहिदासनेच गेली सव्वीस वर्षं गावाला सांगितलं होतं की आपण केंद्रात कायम आहोत.

आता या पट्ट्यात 'कायम' या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. इथे मुलगी द्यायची झाली तर आधी विचारतात, पोरगा कायम आहे का? दारू पितो का, हे नंतर. बँकवाला विचारतो, घरमालक विचारतो, सत्यनारायणाला आलेला भटजीसुद्धा दक्षिणेचा अंदाज घ्यायला विचारतो. कंत्राटी माणूस लग्नाच्या पंगतीत एक पाट खाली बसतो. केंद्रासाठी रोहिदासच्या वडिलांची, भिमाजींची, तीन एकर जमीन गेली होती आणि घरटी एक नोकरी मिळेल असा शब्द मिळाला होता. नोकरी मिळाली, शब्द राहून गेला. रोहिदास ठेकेदारामार्फत लागला तो तसाच राहिला. पण बापाला तो 'कायम झालो' म्हणाला, म्हातारा ते ऐकून सुखाने मेला, आणि मग ते बोलणं मागे घ्यायची सोयच उरली नाही.

खरं काय ते फक्त त्याच्या बायकोला, शालनबाईला, ठाऊक होतं. रोहिदासने निळा गणवेश पिंपरी कॅम्पातून स्वतःच्या पैशांनी शिवून घेतला होता आणि खिशावर कंपनीचं नाव तिच्याकडूनच भरतकामाने काढून घेतलं होतं. सुट्टीच्या दिवशीही तो एकदा केंद्राच्या फाटकापर्यंत जाऊन यायचा. "काय नग हाय बाई ह्यो मानूस," असं शालनबाई कपाळाला हात लावून म्हणायची, पण गणवेशाला इस्त्री तीच करायची. मुलगी उत्कर्षा चाकण-तळेगाव रस्त्यावर फ्लेक्स छापायचा धंदा करत होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापाच्या सेवापूर्तीचा बारा बाय आठचा फ्लेक्स तिने मे महिन्यातच तयार करून ठेवला होता.

मे महिन्यातच तेजोमय वीज कंपनीचे मुख्य अभियंता मोकाशीसाहेब ग्रामपंचायतीच्या सभागृहात आले. वीज बनवायची आणि घरोघर पोचवायची, दोन्ही कामं तेजोमयचीच होती, त्यामुळे बिलंही तिचीच यायची. मोकाशींनी पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं, की कोळशाचं केंद्र आता परवडत नाही, ते बंद करायचं. पण त्याच्या उभारणीला आणि नंतरच्या डागडुजीला घातलेला पैसा अजून सगळा वसूल झालेला नाही. तो पैसा कंपनी आता रोखे विकून बाजारातून एकदम उभा करणार, आणि रोख्यांचे हप्ते अठरा वर्षं ग्राहकांच्या बिलातून थोडे थोडे फेडणार. व्याज कमी, म्हणून ग्राहकाचाच फायदा.

"म्हंजी गिरण बंद, पर दळनाचं पैसं चालू," पहिल्या रांगेतला कोंडाजी म्हणाला. त्याची स्वतःची पिठाची गिरणी होती, त्यामुळे त्याला ही कल्पना मनापासून आवडल्यासारखी दिसली.

"तसं नाही काका. ही आधुनिक पद्धत आहे. जगभर चालते. यांना आम्ही 'निवृत्ती रोखे' असं नाव दिलंय."

निवृत्ती हा शब्द ऐकला आणि अख्खं सभागृह रोहिदासकडे वळलं. मोकाशी पुढे बरंच बोलले, पण गावाच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली, की रोहिदासला पेन्शन बसली आणि तीही रोख्यांची. चहाच्या वेळी तिघांनी त्याला उसने पैसे मागितले. रोहिदास वरवर हसत होता. तीस जूनला मंचावर आपलं नाव पुकारलं गेलं नाही तर गावात तोंड कसं दाखवायचं, आणि त्याहून, पोरीकडे कसं बघायचं?

दुसऱ्या दिवशी तो मोकाशींच्या केबिनबाहेर दोन तास उभा राहिला.

"साहेब, येक पत्र पायजे व्हतं."

"कसलं?"

"मी हितं कामाला व्हतो एवढंच. सव्वीस वर्सं. सही-शिक्क्यानिशी. ग्रॅच्युइटी मिळाली तर बरंच हाय, पर न्हाई मिळाली तरी चालंल. पत्र तेवढं द्या."

मोकाशी माणूस वाईट नव्हता. फक्त त्याची स्वतःची दोन वर्षं उरली होती, आणि दोन वर्षं उरलेला अधिकारी रुपयाची सही शंभरदा विचार करून करतो. मोकाशींनी हजेरीपट शोधायला लावला. रोहिदासचं नाव कायम कामगारांत नव्हतं, हंगामी कामगारांत नव्हतं, शिकाऊ उमेदवारांतही नव्हतं. ठेकेदार सात वेळा बदलले होते, आणि पहिल्याच्या फोटोला आता चंदनाचा हार होता.

"अरे, तू रोज येतोस हे मी बघतो. पण कागदावर तू कुठंच नाहीस," मोकाशींनी हात वर केले. "कागदावर नसलेल्या माणसाला मी निवृत्त कसा करू?"

रोहिदास नेहमीसारखाच राखेच्या हॉपरखाली, म्हणजे राख गोळा होणाऱ्या मोठ्या नरसाळ्याखाली, कामाला गेला. कोळसा जळला की राखेचे ढेकळासारखे गोळे जमतात, ते हॉपरच्या तोंडात अडकतात आणि सगळं तुंबतं. ते पहारीने फोडायचे, हेच त्याचं काम. त्याची पहार सव्वीस वर्षांत वीतभर झिजली होती. त्या दिवशी त्याने एकेक गोळा असा काही फोडला की वरच्या मजल्यावरचा ऑपरेटर खाली डोकावून गेला.

जून उजाडला तशी रोख्यांची घाई सुरू झाली. रोखे घेणाऱ्यांना खात्री हवी होती, की ज्या मालमत्तेच्या नावाने पैसा उभा राहतोय ती खरोखर जागेवर आहे. त्या पडताळणीसाठी वाकडहून स्वरूपा मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात टॅब्लेट आणि कमरेच्या पिशवीत क्रमांक छापलेल्या चिकटपट्ट्यांचा गठ्ठा. त्यांची पद्धत साधी होती. यादीत आहे ते जागेवर दिसलं पाहिजे, त्याला चिकटपट्टी लागली पाहिजे, फोटो निघाला पाहिजे. एक जरी वस्तू कमी पडली तरी प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर रोखे नाहीत.

चारशे अकरा वस्तू मिळाल्या. चारशे बारावी मिळेना.

"राख-गोळे फोडणी संच, स्वयंचलित. नग एक. स्थापना अकरा जून एकोणीसशे नव्याण्णव," मॅडमनी तिसऱ्यांदा वाचलं. "यादीतली सगळ्यात चांगली चाललेली वस्तू आहे ही. मोठा बिघाड एकही नाही. दाखवा ना, मलाही बघायची आहे."

सगळं केंद्र पालथं घातलं गेलं. भांडारपाल म्हणाला, टर्बाइनमागे असेल. टर्बाइनवाले म्हणाले, भांडारात असेल. दोन इंजिनिअर शिडी लावून छतावर चढले आणि कबुतरांची अंडी बघून खाली आले. शेवटी मोकाशींनी त्या संचाची देखभाल-वही कपाटातून काढली आणि धूळ झटकून वाचायला घेतली. वाचता वाचता ते खुर्चीत बसले.

'मे २००६ : संच तीन दिवस बंद. कारण, बहिणीचे लग्न.'

'ऑगस्ट २०११ : संच नऊ दिवस बंद. कारण, कावीळ. उसाचा रस दिल्यावर पूर्ववत.'

'२०१८ : दृष्टी कमी झाल्याने डाव्या बाजूस भिंग बसविले. आता उत्तम.'

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. संच खरा आला होता, नव्याण्णव साली, पण पहिल्याच आठवड्यात त्याने स्वतःचे दात तोडून घेतले आणि पुरवठादार तो गुपचूप परत घेऊन गेला. कागदावर परत पाठवायचा तर चौकशी लागली असती. माणूस नेमायचा तर भरतीबंदी होती. तेव्हाच्या मुख्य अभियंत्याने डोकं चालवलं. संच वहीत तसाच ठेवला, त्याच्या जागी पहार देऊन रोहिदासला उभा केला, आणि त्याचा पगार संचाच्या देखभाल खर्चातून ठेकेदारामार्फत काढला. पुढचे अभियंते आले नि गेले. कुणी विचारलं नाही, कारण जी वस्तू बिघडत नाही तिच्याबद्दल सरकारी काय नि खाजगी काय, कोणीच विचारत नाही. आणि 'स्वयंचलित' हेही काही खोटं नव्हतं. रोज सकाळी सहाला तो आपणहून चालतच यायचा.

रोहिदासला बोलावणं गेलं. तो पहार घेऊन हॉपरखाली उभा राहिला.

"मॅडम, हा," मोकाशी म्हणाले.

"हा काय?"

"चारशे बारा."

मॅडमनी रोहिदासकडे बघितलं, टॅब्लेटकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. रोख्यांची विक्री परवा सकाळी उघडणार होती.

"चालू आहे?"

"चालवून दाखव रे," मोकाशी हळूच म्हणाले.

रोहिदासने पहार उगारली आणि एक गोळा फोडला. धूळ उडाली. मॅडम शिंकल्या आणि त्यांनी 'चालू स्थितीत' या रकान्यात खूण केली.

"पण मॅडम, हा तसा माणूस आहे," न राहवून एक ज्युनिअर इंजिनिअर बोलून गेला.

"माझ्या तक्त्यात 'माणूस आहे का' असा रकाना नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांनी '४१२' अशी चिकटपट्टी काढली, कुठे लावावी याचा क्षणभर विचार केला आणि रोहिदासच्या खिशावर, शालनबाईने भरलेल्या कंपनीच्या नावाशेजारी, नीट दाबून लावली. फोटो काढला. "हलू नका. हां. झालं."

त्या गेल्यावर रोहिदासने मोकाशींना गाठलं. "साहेब, आता तर मी कागदावर हाय. आता पत्र द्या की."

"आता तर अजिबात नाही!" मोकाशींनी कपाळावरचा घाम पुसला. "तू माणूस आहेस असं मी लिहून दिलं तर प्रमाणपत्र खोटं ठरेल. प्रमाणपत्र खोटं तर रोखे खोटे. कळतंय का तुला? अरे, तुझ्या एकट्याच्या नावावर एकतीस लाख वसूल व्हायचे बाकी दाखवलेत. मध्यंतरी वहीत संचाचं, म्हणजे तुझं, आयुष्य वाढवून घेतलं होतं ना आम्ही, मुख्यालयाच्या मंजुरीने."

आपलं आयुष्य कुणी आणि कधी वाढवून घेतलं याचा विचार करत रोहिदास घरी आला. शालनबाई भाकऱ्या थापत होती. तिने खिशावरची चिकटपट्टी बघितली आणि विचारलं, हे काय. त्याने सगळं सांगितलं.

"बाजारातल्या म्हशीला लावत्यात तसा बिल्ला लावला आन् तुमी उभं ऱ्हायलात?"

"अगं, पर सव्वीस वर्सात पयल्यांदा माझी कुठंतरी नोंद झाली," रोहिदास म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तरीही ते खरं होतं. रात्री सदरा धुवायला घेताना शालनबाईने ती चिकटपट्टी अलगद सोडवली आणि कॅलेंडरच्या मागे चिकटवून ठेवली.

रोखे दुप्पट मागणीने विकले गेले. तीस जूनला सोहळाही दणक्यात झाला. धुराड्याला शाल बांधली, बॉयलरला हार घातला, पाहुण्यांनी टर्बाइनसमोर नारळ फोडला. 'या केंद्राने कधी तक्रार केली नाही,' असं एक वक्ता म्हणाला आणि त्याला हुंदका आला. मग निवृत्त होणाऱ्या चौदा कायम कर्मचाऱ्यांची नावं पुकारली गेली. रायवाडी पहिल्या चार रांगांत नवे कपडे घालून बसली होती. चौदावं नाव झालं, सूत्रसंचालकाने आभार मानले, राष्ट्रगीत झालं. रोहिदास गणवेशात होता, खिशात कंगवा होता. उत्कर्षाने त्याच्याकडे बघितलं.

"माझं येगळं ठिवलंय साहेबांनी," तो म्हणाला. "नंतर."

पोरीने मान हलवली. पण ती फ्लेक्सवाली होती, खोटं हसू तिने रोज दहा चेहऱ्यांवर बघितलेलं होतं. चौकात लावायला आणलेला फ्लेक्स तिने गुंडाळूनच परत नेला. रोहिदासला वाटलं, हॉपरखाली गाडून घ्यावं स्वतःला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी, दारात टेम्पो थांबला. त्यातून चिखलीकडचा भंगारवाला भैरूशेठ उतरला. बंद केंद्राच्या सामानाचा लिलाव त्याने घेतला होता. रोख्यांची अटच होती, की निवृत्त झालेली प्रत्येक वस्तू भंगारात निघाली पाहिजे, म्हणजे ती कुणी चोरून पुन्हा चालवणार नाही.

"नग न्यायला आलोय," तो दारातून म्हणाला. "चारशे बारा. फाटकावरच्यांनी हा पत्ता दिला."

"कोनता नग?" शालनबाईने विचारलं.

भैरूशेठने कागद पुढे केला. कागदावर फोटो होता. त्याने फोटो बघितला, ओट्यावर बसून चहा पिणारा रोहिदास बघितला, पुन्हा फोटो बघितला. "मला वाटलं, ह्या मानसाच्या मागं मशीन असंल," तो खजील होऊन म्हणाला. "पैसं भरल्यात वो मी. लॉट वजनावर घेतलाय."

"वजन करायचं आसंल तर करा," शालनबाई पदर खोचून म्हणाली. "पर उचलून न्यायचा तर आदी मला उचलावं लागंल. आन् माझं वजन त्यास्नी झेपत न्हाई, तुमास्नी काय झेपनार!"

उत्कर्षा आतून बाहेर आली. तिने भैरूशेठच्या हातातला कागद घेतला आणि ओट्याच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत वाचला. संच, स्वयंचलित. नग एक. त्याखाली देखभाल-वहीतल्या नोंदी उतरवलेल्या. बहिणीचे लग्न. कावीळ. भिंग. खाली मुख्य अभियंत्याची सही, स्वरूपा मॅडमची सही, दोन शिक्के.

"पप्पा, तुमी कायम नव्हता?"

रोहिदासने बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला. "न्हाई," तो म्हणाला. "कदीच नव्हतो. तुझ्या आज्ज्याला बरं वाटावं म्हनून बोललो, मग तुला बी तेच सांगितलं. चुकलं माझं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. रागच जास्त होता, आणि तो बापावर नव्हता. "नोकरी कायम नव्हती," ती म्हणाली. "तुमी व्हता की कायम. सव्वीस वर्सं. हे त्यांनीच लिवून दिलंय, सही-शिक्क्यानिशी. तुमाला पत्र पायजे व्हतं ना? हेच की पत्र."

तोच कागद घेऊन बाप-लेक सोमवारी कामगार कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला. "सलग सेवेचा असा भक्कम पुरावा मी आजवर बघितला नाही," तो म्हणाला. "नऊ दिवसांची कावीळसुद्धा आहे. पण हा पुरावा नगाचा आहे. नग म्हणजे तुम्हीच, असं कंपनीकडून लिहून आणा."

कंपनी ते लिहून देणार नाही हे सांगायला ज्योतिषी नको होता. उत्कर्षा तिथून थेट दुकानात गेली. मंगळवारी सकाळी चाकणच्या चौकात, जिथे साऱ्या कारखान्यांच्या बसगाड्या आणि ट्रेलर तासभर अडकून पडतात आणि माणसाला वाचण्यावाचून दुसरं काम नसतं, तिथे वीस बाय दहाचा फ्लेक्स झळकला. मधोमध पहार घेतलेला, खिशावर चिकटपट्टी लावलेला रोहिदास. मागे सूर्याची किरणं आणि दोन सिंह, कारण तेवढे प्रत्येक फ्लेक्सवर असतातच. मजकूर असा :

'नग क्र. ४१२. राख-गोळे फोडणी संच (स्वयंचलित). सलग २६ वर्षे वापरात. चालू स्थितीत! आमचे आधारस्तंभ रोहिदासतात्या येळवंडे यांस भंगारात निघाल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक : समस्त वीजग्राहक (पुढील १८ वर्षे).'

खाली पुराव्याचा कागद मोठा करून छापला होता, दोन्ही शिक्क्यांसकट.

दुपारपर्यंत आकुर्डीपासून तळवड्यापर्यंत प्रत्येक मोबाइलवर तो फोटो होता. कंत्राटी पोरं फ्लेक्सखाली उभी राहून सेल्फी काढत होती आणि आपापल्या खिशावर कागदाचे तुकडे चिकटवत होती. कुणी 'नग ८८१' लिहिलं होतं, कुणी 'नग ५६०, नाइट शिफ्ट'. एका रोखे घेणाऱ्या संस्थेने कंपनीला विचारणा केली, की आमच्या पैशांच्या तारणात असे चहा पिणारे नग आणखी किती आहेत.

चार वाजता मोकाशीसाहेब रोहिदासच्या ओट्यावर होते. बरोबर कंपनीचे वकील. त्यांची पंचाईत मोठी होती. रोहिदास माणूस आहे म्हटलं तर प्रमाणपत्र खोटं. नग आहे म्हटलं तर तो भैरूशेठच्या ताब्यात द्यायला हवा, आणि भैरूशेठ वर्तमानपत्रवाल्यांसमोर वजनकाटा घेऊन बसला होता.

"तुझी मागणी काय आहे ते सांग बाबा," मोकाशी म्हणाले.

"मी मेमधी सांगितली व्हती, साहेब. पत्र."

वकिलांनी तीन आठवडे खल केला आणि अखेर वाट काढली. रोहिदास ३० जूनपर्यंत नग होता आणि १ जुलैपासून पूर्वलक्षी प्रभावाने माणूस झाला, नगाची सव्वीस वर्षांची सेवा त्याच्या नावे वर्ग झाली, सबब प्रमाणपत्रही खरं आणि पत्रही खरं. भैरूशेठला त्याचे पैसे परत मिळाले. झिजलेली पहार न्या म्हटलं तर ती मात्र त्याने नेली नाही. "ती र्‍हाऊ द्या तात्या," तो म्हणाला, "ती भंगार न्हाई." आणि ग्रॅच्युइटीही मंजूर झाली. तिचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न कंपनीला पडलाच नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायची वाट आता तिला सापडली होती.

सप्टेंबरात एकाच दिवशी पोस्टाने पत्र आलं आणि मीटरवाल्याने वीजबिल दाराच्या कडीला अडकवलं. रोहिदासने चष्मा पुसून पाकीट फोडलं. पत्रावर त्याचं पूर्ण नाव होतं आणि नावापुढे 'श्री.' होतं. ठेकेदाराच्या पाकिटावर कुणी कधी 'श्री.' लिहिलं नव्हतं, नुसता 'रोहिदास' असायचा, कधी 'रोयदास'. त्या एका अक्षरावर त्याने बोट ठेवलं आणि त्याला पुढचं दिसेना. चष्मा पुन्हा पुसला तरी दिसेना.

शालनबाई तोवर बिल वाचत होती. "ह्यो निवृत्ती आकार म्हंजी त्यांच्या धुराड्याचा, अठरा रुपये. समजलं. आन् त्याच्या खाली ह्यो काय? निवृत्ती आकार, पूरक. तीन पैसं."

"त्यो मी," रोहिदास म्हणाला. मोकाशींनी त्याला आधीच सांगितलं होतं. वाकडच्या तेविसाव्या मजल्यावरची स्वरूपा मॅडम, तळवड्याचा लेथवाला, गिरणीवाला कोंडाजी, सगळे आता अठरा वर्षं दरमहा रोहिदासचे तीन तीन पैसे भरणार होते. रोहिदाससुद्धा.

"म्हंजी तुमची निवृत्ती आपुनच भरायची?"

"व्हय. शहात्तराव्या वर्सापातुर."

शालनबाईने बिल बाजूला ठेवलं, त्याच्या हातातलं पत्र घेतलं आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचायला लागली. 'श्री. रोहिदास भिमाजी येळवंडे यांनी या केंद्रात सलग सव्वीस वर्षे समाधानकारक सेवा केली असून...' सगळ्यात खाली, सहीच्या डाव्या बाजूला, कंपनीच्या छापील नमुन्यात एक रकाना होता. कारकुनाने तो सवयीने भरला होता. 'एकूण नग : १.'

तिने ते दोनदा वाचलं. मग डोळे पुसत नवऱ्याकडे बघितलं.

"बाकी कंपनीचं काय खरं, काय खोटं, द्येव जानं," ती म्हणाली. "ह्ये मातर बराबर लिवलंय."